आयरीनचं गाव, आईचं गाव

जुलै आला की माझं पुन्हा सुरू होतं. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी लॅपटॉप उघडते आणि नद्यांच्या पातळीचं पान बघते. आम्ही आता लीड्सला राहतो, चढावरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. इथपर्यंत पाणी यायचं तर आधी अर्धं यॉर्कशर बुडावं लागेल, हे माझा नवरा मंदार मला न चिडता समजावून सांगतो. पटतं मला. तरी मी बघते. आणि बघते ती इथली नदीसुद्धा नाही. जिच्या काठी आम्ही जेमतेम दीड वर्ष राहिलो, त्या एव्हनची पातळी बघते.

आज सलग तिसऱ्या दिवशी पाऊस लागलाय. परवाच दोन वर्षांची झालेली सई काचेला नाक लावून सांगते, "आई, पाऊस आली."

"आला," मी म्हणते.

"हो. आली," ती म्हणते, आणि पुन्हा बाहेर बघायला लागते. मी तिला एरवी दुरुस्त करते. या तीन दिवसांत मात्र माझं लक्ष नाही. माझे कान गटाराच्या आवाजाकडे आहेत. पाणी खाली जातानाचा आवाज वेगळा असतो आणि वर येतानाचा वेगळा, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं, आणि एकदा कळलेली गोष्ट कानातून काढून टाकता येत नाही.

ते घर मीच पसंत केलं होतं. मंदारचं ऑफिस कॉव्हेंट्रीत, तिथून गाडीने तासाभरावर हे गाव. एक लांबट रस्ता, नदीला समांतर. दगडी पूल, चर्च, दोन पब, पोस्ट ऑफिस, बेकरी, आणि वर टेकाडावर शाळा. आम्हाला घर दाखवणाऱ्या एजंटने मागची खिडकी उघडली आणि खाली हिरवट, संथ नदी दिसली. पुण्यात नदी म्हणजे नाकाला रुमाल लावून ओलांडायची गोष्ट. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बाहेर पडताना कोपऱ्यावरच्या पबच्या भिंतीत बसवलेल्या छोट्या दगडी पट्ट्या दिसल्या. प्रत्येकीवर एक आडवी रेघ आणि एका पुराचं साल. एक रेघ माझ्या कमरेशी, एक खांद्याशी, एक तर माझ्या डोक्याच्याही वर. मला ते फार छान वाटलं. गावाला स्वतःचा इतिहास असा भिंतीवर लिहून ठेवावासा वाटतो याचं मला कौतुक वाटलं. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. फोटोत मी डोक्यावरच्या रेघेखाली हसत उभी आहे.

आईने फोनवर एवढंच विचारलं, "घर कुठल्या बाजूला आहे? या भिंतीच्या वर का खाली?"

"खाली," मी म्हटलं.

मला वाटलं रेंज गेली.

आमच्या शेजारी आयरीन राहायची. सत्तरीची, उंच, किंचित वाकलेली, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. तिचं घर आमच्या घराला चिकटून, पण दोन पायऱ्या खाली, नदीच्या आणखी जवळ. मला दिवस राहिले आणि पहिल्या तीन महिन्यांत मी इतकी आजारी पडले की कॉव्हेंट्रीतली नोकरी सोडून घरी बसले. दुपारी चार वाजता आयरीन भिंतीवर दोनदा टकटक करायची. म्हणजे चहा तयार आहे, ये. तिच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर अकरा वह्या होत्या. त्यांत ती तिच्या गावाचा इतिहास लिहीत होती. हे गाव नव्हे, तिचं गाव. ते होतं कॅनडात, एका मोठ्या नदीच्या काठी, आणि त्याचं नाव कॅरिक्स लँडिंग. होतं, असंच म्हणायला हवं.

ती वाचून दाखवायची आणि मी ऐकायची. चाळीस-पन्नास घरं, एक लाकूड कापायची गिरणी, एका खोलीची शाळा. आधी तिथे राहणाऱ्या मूळ लोकांनी त्या जागेला दिलेल्या नावाचा अर्थ होता, जिथे होडी खांद्यावर घ्यावी लागते ती जागा. कारण तिथे नदी खडकांवरून फेसाळत धावायची, होडी टिकायची नाही. मग स्कॉटलंडहून कोणी कॅरिक आला, त्याने धक्का बांधला, आणि त्याच्यामागून आलेल्यांनी ते जुनं नाव इतकं वाकडंतिकडं उच्चारलं की शेवटी सोडूनच दिलं. "पहिलं बुडवणं ते होतं," आयरीन म्हणायची, "आणि ते आम्ही केलं. हे मी पहिल्याच पानावर लिहिलंय."

हिवाळ्यात नदी गोठली की पलीकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या गावाला जायला बर्फावरून रस्ता तयार व्हायचा. तो धुक्यात चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी छोटी छोटी फरची झाडं बर्फात रोवायचे. लग्नं जमायची ती त्या दोन-तीन महिन्यांत, कारण एरवी पलीकडे जायचं तर आयरीनच्या वडिलांची फेरीबोट, आणि फेरीवर बसलं की सगळ्या गावाला कळायचं. वसंतात बर्फ फुटायचा. तो आवाज आला की मास्तरीणबाई वर्ग सोडून द्यायच्या आणि सगळी पोरं काठावर पळायची. कधी बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून अडकायचे आणि मागचं पाणी गावात शिरायचं. मग लोक सामान माडीवर नेऊन ठेवायचे, आठ दिवसांनी चिखल काढायचे, आणि पुढे चालू. "पुराची आम्हाला भीती नव्हती," आयरीन म्हणाली. "पूर हा नातेवाईक होता. नको असलेला, पण आपला."

मग एका उन्हाळ्यात सरकारची माणसं आली. नदीवर वीज तयार होणार होती. त्यांनी झाडांवर, खांबांवर, घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या रेषा मारल्या. पाणी कुठपर्यंत येणार त्याच्या खुणा. आयरीनच्या घरावरची रेषा माडीच्या खिडकीच्याही वर होती.

आई मे महिन्यात आली, बाळंतपणासाठी. साताऱ्याहून, पहिल्यांदाच विमानाने. बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. आल्या आल्या तिने घर बघितलं, मागची खिडकी उघडली, आणि लगेच बंद केली. त्या दिवसापासून ती खिडकी माझ्या हातून उघडायची आणि आईच्या हातून बंद व्हायची.

तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. ती दहा वर्षांची असताना गाव धरणात गेलं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आपल्याला आईवडिलांच्या जन्मतारखा ठाऊक असतात, तसं ठाऊक. त्यापुढे मी कधी काही विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. आजोबा सांगलीकडच्या एका कोरड्या माळावर राहायचे आणि सतत चिडलेले असायचे, एवढंच मला आठवत होतं.

आयरीनच्या चहाला आई माझ्याबरोबर यायला लागली. तिला इंग्रजी चार-पाच शब्दांचं, आयरीनला मराठी शून्य. मधे मी. एके दिवशी आयरीन लाल रेषांचं वाचत होती आणि मी आईला सांगत होते. आई एकदम ताठ बसली.

"मग? लोकांनी काय केलं?"

"काहींची घरं उचलून नवीन गावात नेली. म्हणजे अख्खी घरं, मोठ्या गाड्यांवर. कपाटात कपबश्या तशाच ठेवून."

"आणि हिचं?"

"यांचं नाही नेलं. जुनं होतं. जाळून टाकलं."

आईने तोंडाला पदर लावला. मग आयरीनने भिंतीवरच्या तिच्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवून सांगितलं की केनेथ तेव्हा तिथे कामाला होता. इंग्लंडहून सर्व्हेच्या कामावर गेलेला. लाल रेषा मारणाऱ्यांपैकी एक. गाव रिकामं झालं त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं आणि ती त्याच्याबरोबर त्याच्या गावी, इथे, या नदीवर आली. वडील लग्नाला आले नाहीत. पुढे तिच्या आईची पत्रं यायची. वडिलांची एकही ओळ आली नाही.

मी हे मराठीत सांगेपर्यंत आईचा चेहरा बदलला होता. "म्हणजे ज्यांनी गाव बुडवलं, त्यातल्याच एकाशी?" ती मला म्हणाली. "आणि त्याचा फोटो लावलाय?"

मी याचं भाषांतर केलं नाही. आयरीनला गरज पडली नाही.

"त्याच्याशी लग्न का केलं असं विचारतेय ना ती?" आयरीन शांतपणे म्हणाली. "तिला सांग, बाकीचे येऊन रेषा मारून जायचे. रेषा मारायच्या आधी दार वाजवणारा तो एकटा होता."

मी सांगितलं. आईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आमच्याकडे दार नाही वाजवलं कोणी. दवंडी दिली."

परतताना दोन पायऱ्या चढता चढता ती थांबली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "पूर येतो आणि जातो गं. आमचं पाणी आलं आणि बसलं. रोज एक पायरी. आम्ही वरच्या टेकाडावर उभं राहून बघायचो, आज देवळाची कुठली पायरी गेली."

जून सगळा पावसात गेला. इंग्लंडचा पाऊस म्हणजे एरवी नुसती भुरभुर, छत्री उघडावी का मिटावी कळत नाही असा. त्या वर्षी तो आपल्याकडच्यासारखा पडत होता. नदी हिरवी राहिली नाही, चहासारखी झाली. पुलाच्या खांबावर एक उभी मोजपट्टी होती, पांढऱ्यावर काळे आकडे. मी रोज सकाळी पाव आणायच्या निमित्ताने जाऊन तो आकडा बघून यायला लागले. आईला सांगायचे नाही, उगीच काळजी करेल म्हणून. मंदारला सांगायचे नाही, तो हसेल म्हणून. पोटातलं बाळ किती वेळा हललं ते मी एका कागदावर लिहायची, मिडवाइफने सांगितल्याप्रमाणे. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी नदीचे आकडे लिहायला लागले.

एका सकाळी उशीर झाला म्हणून मी बोळातून गेले, आणि पुलावर आई उभी. स्वेटरवर शाल, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, कठड्यावरून वाकून खांब बघतेय. तिने मला पाहिलं, मी तिला.

"फिरायला आले होते," ती म्हणाली.

"मी पावाला," मी म्हटलं.

दोघी शेजारी उभ्या राहून बघत राहिलो. "काल दोनच्या खाली होतं," आई म्हणाली. तेव्हा मला कळलं की तीही रोज येते, माझ्या आधी.

त्या रात्री मी मंदारला म्हटलं, आपण काही दिवस कॉव्हेंट्रीला कोणाकडे राहायला जाऊया का? तो म्हणाला, "शुभदा, तुझं हॉस्पिटल इथून वीस मिनिटांवर आहे. आठव्या महिन्यात घर हलवायचं? आणि काय सांगायचं लोकांना, नदीची भीती वाटते?" तो वाईट बोलला नाही. त्या वेळी कोणीही हेच म्हटलं असतं. मीही विषय सोडला, कारण मला स्वतःलाच ते वेड वाटत होतं.

गुरुवारी आयरीन चहा ओतताना म्हणाली, "आज तिचा आवाज येत नाहीये." नदीचा. मी कान दिला. खरंच येत नव्हता. इतकी भरली होती की दगडांवर आपटायला दगडच उरले नव्हते. आयरीनने तिच्या गावाचं शेवटचं सांगितलं तेही तेव्हाच. वरचा बंधारा बंद केला त्या दिवशी खळाळ थांबला. शेकडो वर्षांचा आवाज. गावात उरलेली माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली, कोणाला काय हरवलंय ते पटकन कळेना. तिचे वडील धक्क्यावर बसले होते. ते म्हणाले, "कोणीतरी श्वास घ्यायचा थांबलंय." बस. हे तिने वहीत लिहिलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी मंदार सातला निघाला. आठपासून जो पाऊस लागला त्याला थेंब म्हणता येत नव्हतं. दुपारी एकच्या सुमाराला रस्त्यावरच्या गटाराची जाळी खालून हलायला लागली, मग त्यातून पाणी वर आलं. तो आवाज मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. मंदारला फोन केला. तो म्हणाला निघतो. तीनला त्याचा फोन आला, तो मोटरवेवर अडकला होता, पुढे रस्ताच नाही म्हणत होते. "तू घाबरू नकोस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा होता की मी घाबरले.

चारला पिवळ्या जाकिटातले दोघे दारात आले. सगळ्यांनी वर शाळेच्या हॉलमध्ये जायचं, आत्ता, औषधं आणि गरम कपडे घेऊन. रस्त्यावर पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. आई बूट घालून, हॉस्पिटलची बॅग काखोटीला मारून तयारच होती. मला वाटतं ती मे महिन्यापासूनच तयार होती.

आयरीन मात्र स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. पाणी तिच्या दोन पायऱ्या उतरून आत आलेलं. "मी माडीवर जाऊन बसेन," ती त्या माणसांना म्हणाली. "पाण्यासाठी मी एकदा घर सोडलंय. दुसऱ्यांदा सोडणार नाही." त्यांतल्या एकाने समजावलं, दुसऱ्याने आवाज चढवला. तिने मान हलवली. त्यांना पुढची घरं गाठायची होती. ते म्हणाले दहा मिनिटांत परत येतो, आणि गेले.

मी म्हटलं, "आयरीन, प्लीज." पुढे मला रडूच यायला लागलं.

आईने बॅग माझ्याकडे दिली, पाण्यातून आत गेली आणि आयरीनच्या समोरची खुर्ची ओढून बसली. मला वाटलं ती तिच्या वडिलांचं काहीतरी सांगेल, गावाचं सांगेल. तिने तसलं काहीही सांगितलं नाही.

"शुभे, हिला सांग," ती म्हणाली. "म्हणावं, माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. नवरा रस्त्यात अडकलाय. मला इथली भाषा येत नाही. लेकीला काही झालं तर मी कोणाला हाक मारू? काय म्हणून हाक मारू? तुझ्यासाठी नको येऊस म्हणावं. माझ्यासाठी चल."

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता मला कळत होतं की आई किती घाबरली आहे. दोन महिने ती मला लाडू वळून घालत होती, तेल लावत होती, आणि रोज रात्री अंधारात पडून हाच विचार करत होती, काय म्हणून हाक मारू.

आयरीन आईकडे बघत राहिली. मग उठली. फळीवरच्या वह्यांची पिशवी तिने उचलली होती, मी पाहिलं. दारात आल्यावर तिने कोपऱ्यातली काठी घेतली, कारण अशा पाण्यात गटारांची झाकणं निघालेली असतात आणि पुढच्याने काठीने चाचपत जायचं असतं. दुसऱ्या हाताने तिने माझ्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली. "तू काही उचलायचं नाहीस," ती म्हणाली. मला आईने धरलं होतं. हात तेवढेच होते. वह्यांची पिशवी तिने वळून पुन्हा फळीवर ठेवली. वरच्या फळीवर. आणि आम्ही निघालो, आयरीन पुढे काठी टेकत, मागे आई आणि मी.

शाळेच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, ओले कुत्रे होते, चहाच्या मोठ्या किटल्यांमागून किटल्या येत होत्या. छोट्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. साडेपाचला पहिली कळ आली. मला वाटलं पाठ अवघडली असेल. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला, आणि आयरीनचा दंड धरून एकच शब्द म्हणाली, "बेबी."

मग आयरीनने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ती सरळ उभी राहिली. तिचा वाक कुठे गेला कोण जाणे. तिने फोन मागवला, ॲम्ब्युलन्सवाल्यांशी बोलली, माझा आठवडा सांगितला, कळांमधलं अंतर सांगितलं. दोन्ही रस्ते पाण्याखाली, ॲम्ब्युलन्स पलीकडच्या चढापर्यंतच येऊ शकत होती. हॉलमध्ये एक शेतकरी होता, लाल चेहऱ्याचा. तो न बोलता उठला आणि ट्रॅक्टर आणायला गेला.

ट्रॅक्टरच्या मागच्या उंच ट्रॉलीत पेंढ्याच्या गासड्या, त्यावर ताडपत्री, त्यावर मी. एका बाजूला आई, एका बाजूला आयरीन. गढूळ पाण्यातून आम्ही जात होतो. कुंपणांची फक्त टोकं वर होती, त्यावरून रस्ता कुठे ते ओळखायचं. आईने डोळे मिटले ते पलीकडे पोचेपर्यंत उघडले नाहीत. ओठ हलत होते. आयरीनने उलट नजर एकदाही हलवली नाही, डावीकडे खाली तिच्याच घराचं छप्पर होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. कळ आली की माझा हात आपोआप तिच्या हातावर घट्ट व्हायचा. ती न वळता म्हणायची, "श्वास घे. घेत राहा."

सई दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. चार आठवडे आधी, मुठीएवढा चेहरा. पहिली काही मिनिटं ती रडली नाही. खोलीतली माणसं भराभर हलत होती आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. तो वेळ मी अजूनही कोणाला नीट सांगू शकलेले नाही. मग ती रडली. मंदार रात्रभर गाडीत बसून सकाळी चालत, मिळेल त्या वाहनाने हॉस्पिटलला पोचला होता. तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "तू सांगत होतीस." मी म्हटलं, आत्ता नको.

आयरीनच्या घरात पाणी वरच्या फळीच्याही वर गेलं होतं. वह्या सापडल्या, पण ती केनेथच्या शाईच्या पेनाने लिहायची. पानापानावर निळे ढग. ती एकदाही हळहळली नाही, निदान माझ्यासमोर. मीच रडले. मला सारखं वाटायचं की माझ्या बॅगेत होतं काय, चार झबली आणि टूथब्रश.

घरं वाळेपर्यंत आम्हाला सगळ्यांना टेकाडावरच्या एका जुन्या घरात जागा मिळाली, आम्ही माडीवर, आयरीन खाली. तिथे मी लॅपटॉप घेऊन बसायचे, सई मांडीवर, आणि आयरीन पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आई शेक-शेगडी आटोपून येऊन बसायची आणि मधेच म्हणायची, "विचार तिला, गुरांचं काय केलं? गुरं पोहून परत जायची आमची, जुन्या गोठ्याकडे." मी विचारलं. आयरीन म्हणाली, आमच्या मांजरी परत जायच्या. मग आईचं नाव तिच्या पद्धतीने लांबवत म्हणाली, "सूमानचंही लिही. खाली वेगळं नको, मधेच लिही, ती सांगेल तिथे." ऑक्टोबरात आई परत गेली तोवर त्या फाइलमध्ये दोन्ही गावं आली होती, आणि वाचणाऱ्याला कुठलं कुठे संपतं ते कळायला जरा लक्ष द्यावं लागतं. आजोबा शेवटपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले होते हे मला त्या टायपिंगमध्ये कळलं. मी आईला विचारलं, मग ते उठले कसे? ती म्हणाली, "आजी म्हणाली, पोरींना भूक लागलीय. उठले."

आयरीन हिवाळ्याअखेर तिच्या घरी परत गेली. आम्ही लीड्सला आलो.

यंदाच्या मे महिन्यात आईचा फोन आला, भर दुपारी. एरवी ती रविवारी करते.

"जाऊन आले," ती म्हणाली.

"कुठे?"

"बामणोलीला. एसटीने गेले. धरणाचं पाणी उतरलंय ना आत्ता. आमची बाजू दिसते तिथून." इतक्या वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. साताऱ्याहून तासाभराचा रस्ता.

मी विचारलं, "काय दिसलं?"

"पाणी. आणि चिखल. एक जोतं होतं, देवळाचं असेल, नाहीतर नसेल."

"मग काय केलंस?"

"बसले थोडा वेळ. डबा खाल्ला. आले."

"रडलीस?"

"ऊन केवढं होतं," आई म्हणाली.

हे मी आयरीनला सांगायचं ठेवलं होतं आणि सांगत नव्हते. भीती वाटत होती, उगीच तिचं काही उकरून काढू नये याची. पण या पावसाने मला तीन दिवस झोप नाही. आज सकाळी पातळीचं पान पाहिलं, आकडा बरा होता, तरी मी तिला फोन लावला. ती म्हणाली, नदीचा आवाज येतोय, तू चहा पी. मग मी सांगितलं. आई गेली, एकटी, बसून आली.

मला तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"डब्यात काय होतं?" आयरीनने विचारलं.

मला ठाऊक होतं, मी आईला विचारलं होतं. "दशम्या," मी म्हटलं. "म्हणजे दुधातल्या पोळ्या. आणि लसणाची चटणी."

"मी अंड्याचे सँडविच नेईन," ती म्हणाली. "कॅनडाच्या विमानात ठेवू देतात का गं? का तिथे उतरून करायचे?"